चार रात्री, एक तंबू आणि ‘एकट्याच?’

सोलापूरच्या माणसाला चार दिवसांची सुटी मिळाली की तो कोकणात नाही तर महाबळेश्वरला जातो. आपल्या जिल्ह्यात पाहण्यासारखे काय आहे असे कुणी विचारले, तर सिद्धेश्वराचे तळे, पंढरपूर आणि अक्कलकोट ही तीन नावे घेऊन तो गप्प होतो. मीही वयाची सत्तेचाळीस वर्षे तेच करीत आले. दोन वर्षांपूर्वी हौसेने घेतलेला दोन माणसांचा तंबू माळ्यावर पडून होता, मैत्रिणींच्या सुट्या जुळत नव्हत्या, आणि सिद्धेश्वराची संक्रांतीतली गड्ड्याची यात्रा आटोपल्यावर येणारा जानेवारीचा शेवट, म्हणजे आमच्याकडचे सर्वांत सोसवणारे हवामान, यंदाही हातचा निसटणार असे दिसू लागले, तेव्हा एकटीनेच निघायचे ठरवले. स्वतःला चार नियम घालून घेतले: अंधार पडण्यापूर्वी मुक्काम गाठायचा, जागेच्या मालकाला विचारल्याशिवाय एकही खुंटी ठोकायची नाही, रोज रात्री धाकट्या भावाला ठिकाण कळवायचे आणि कुणालाही आपला त्रास होऊ द्यायचा नाही. पहिले तीन नियम मी अखेरपर्यंत पाळले.

दिवस पहिला : सोलापूर, नान्नज, वैराग

26 जानेवारीला महाविद्यालयातले झेंडावंदन आटोपून अकराच्या सुमारास निघाले. गाडी जुनी आहे. मागचे आसन पाडून तंबू, स्लीपिंग बॅग, छोटी शेगडी, वीस लिटर पाणी, कडक भाकरीची चवड आणि शेंगाचटणीचा डबा एवढे सामान बसवले होते. बार्शी रस्त्याने अर्ध्या तासात नान्नज आले. माळढोक पक्ष्यासाठी 1979 मध्ये राखलेले हे अभयारण्य झाडांचे जंगल नसून गवताचा उघडा माळ आहे, त्यामुळे झाडी शोधणाऱ्याला ते दिसूनही दिसत नाही. माळढोक आता जवळजवळ नाहीसाच झाला आहे. मला दिसला काळविटांचा एक कळप, आणि तोही वनरक्षकाने बोट दाखवले म्हणून. जवळपास कुठे तंबू लावता येईल का, असे मी त्याला विचारले. अभयारण्यात रात्री राहता येत नाही हे त्याने सांगितलेच, पण तेवढ्यावर न थांबता वैरागच्या अलीकडे कोणत्या वस्तीवर विचारावे, कोणत्या ओढ्याकाठी लांडग्यांचा वावर असतो आणि कोणत्या शेतात कुत्री मोकळी असतात, याचा नकाशाच त्याने वाळूवर काठीने काढून दिला. मग थोडे घुटमळून विचारले, “एकट्याच?” हा प्रश्न पुढचे पाच दिवस माझ्या पुढे पुढे धावणार होता.

वैरागच्या अलीकडे ज्वारीच्या एका शेताच्या बांधावर जागा मिळाली. शेतकऱ्याने परवानगी लगेच दिली, पण त्याची बायको तंबूकडे बराच वेळ पाहत उभी राहिली आणि हलक्या आवाजात म्हणाली, “ताई, घरी काही झालंय का?” भांडून आलेली बाई शेतात रात्र काढते, हौसेने काढत नाही, हे तिचे गणित होते आणि त्यात चूक काहीच नव्हती. घरी सगळे ठीक आहे हे पटवायला मला भावाला फोन लावून द्यावा लागला. तिकडून त्याने काय सांगितले कोण जाणे. त्यानंतर मात्र त्या माउलीने माझा पूर्ण ताबा घेतला.

तंबू उभारताना त्याची एक काडी वाकवली तेवढ्यात उभी चिरली. फायबरची काडी थंडीत अशी चिरते, असे विकणाऱ्याने सांगायला हवे होते. निदान मी एकदा गच्चीवर तंबू लावून पाहायला हवे होते. शेतकऱ्याने बांबूची कामटी आणून सुतळीने बांधली आणि तंबू एका कुशीवर कलून का होईना, उभा राहिला. मग गोवऱ्यांची आगटी पेटली. हुरड्याच्या नावाखाली शहरात जे मिळते ते आधीच सोललेले आणि निवलेले असते. इथे गूळभेंडी ज्वारीची कणसे राखेतून काढून तळहातावर चोळायची, फुंकर मारून कोंडा उडवायचा आणि दाणे चटके बसत असतानाच लसणाच्या चटणीबरोबर तोंडात टाकायचे. माझी कडक भाकरी पिशवीतच राहिली.

झोपायला गेले तर तंबूच्या दाराशी खाट टाकलेली. घरातली आजी वाकळ घेऊन तिच्यावर येऊन बसली होती. मी पुष्कळ विनवणी केली. आजी म्हणाली, “तू आत झोप, मी भाईर झोपते. तुझं तू, माझं मी.” मध्यरात्री अष्टमीचा चंद्र मावळला, गार वारा सुटला, आणि आजीच्या घोरण्याच्या आधाराने मी गाढ झोपले.

दिवस दुसरा : बार्शी, कुर्डुवाडी, उजनीचे पाणी

बार्शीत भगवंताचे दर्शन घेऊन थेट कुर्डुवाडी गाठली. डोक्यात फक्त ती काडी होती. स्थानकाजवळच्या चहाच्या टपरीवर हार्डवेअरच्या दुकानाची चौकशी करीत असताना बाकावरच्या एका वृद्ध गृहस्थांनी हात पुढे केला आणि काडी मागितली. त्यांनी ती डोळ्याजवळ नेली, नखाने चीर तपासली आणि म्हणाले, “दुकानात जाऊ नका. ते नवी घ्या म्हणतील. चला.”

ते कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यातले निवृत्त फिटर निघाले. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये वाइस, कानशी आणि करवती अशा मांडून ठेवल्या होत्या, की देवघरही इतके नीटनेटके नसते. फवारणीच्या जुन्या पंपाची पितळी नळी शोधून त्यांनी चार बोटे लांबीचा तुकडा कापला, आतून कानशीने घासला, काडीची चिरलेली बाजू तासून त्यात बसवली आणि दोन्ही टोकांना खाचा मारून नळी आवळली. काम अर्ध्या तासाचे होते. लागले दोन तास, कारण मधून मधून बार्शी लाइट रेल्वे धावत होती. अडीच फूट रुंदीच्या रुळांवरची ही गाडी 1897 मध्ये बार्शीपर्यंत सुरू झाली, 1911 मध्ये लातूरला आणि 1927 मध्ये मिरजेला पोचली, आणि 1954 मध्ये सरकारच्या मालकीची झाली. पंढरीच्या वाऱ्यांना डब्यांच्या टपांवरही माणसे असत, हे त्यांनी वडिलांकडून ऐकलेले. आता हा सारा मार्ग रुंदमापी झाला आहे. नव्या गाडीत बसता का, असे मी विचारले तेव्हा ते म्हणाले, “बसतो. पण ती थांबत नाही हो कुणासाठी.” जुन्या गाडीने वेग धरला नाही याची आयुष्यभर तक्रार केलेल्या प्रवाशांना हे वाक्य ऐकवायला हवे.

पैशांचा विषय काढताच त्यांनी मान हलवली. रेल्वे पेन्शन देते, तेवढे पुरते. निरोप घेताना मात्र ‘एकट्याच?’ आलाच. मी हो म्हटल्यावर ते थोडा वेळ गप्प राहिले. “माझी मुलगीसुद्धा फिरते एकटी. पुण्यात असते. मला सांगत नाही, फोटो दुसऱ्याच्या फोनमध्ये दिसतात.” मग मला म्हणाले, “तुम्ही भावाला सांगता ते बरं करता.”

टेंभुर्णीवरून पुढे केळीच्या बागांचा कंदर परिसर ओलांडून संध्याकाळी उजनीच्या फुगवट्याच्या काठी पोचले. भीमेवरचे हे धरण 1980 मध्ये पूर्ण झाले. सुमारे 117 टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, पाणी मावणारा हा यशवंतसागर जलाशय सोलापूरच्या नळांना, उसाला आणि राजकारणाला सारखाच पुरतो. जानेवारीत पाणी अजून काठाजवळ असते, त्यामुळे रोहित पक्षी दूर उथळात गुलाबी रेघ ओढल्यासारखे दिसले, इतकेच. दुर्बीण मी घरी विसरले होते.

काठावर मासेमारांची तीन घरे होती. कामाची माणसे जाळी वाळत घालीत होती. त्यांनी जागा दाखवली आणि रात्री जेवायला चिलापी आहे, असे जाहीर करून टाकले. मी शाकाहारी आहे हे सांगताना मला उगाचच अपराधी वाटले, कारण पाहुण्याला देण्यासारखे त्यांच्याकडे जे उत्तम होते ते मी नाकारीत होते. घरातल्या सुनेने काही न बोलता चुलीवरचे भांडे उतरवले. शेजारच्या घरातून, जिथे त्या दिवशी मासा शिजला नव्हता, कढई मागून आणली, ती माझ्यासमोर राखेने पुन्हा घासली आणि पिठले टाकले. तसे करण्याची काहीच गरज नाही, असे मी दोनदा म्हणाले, ती म्हणाली, “तुमच्यासाठी नाही ओ, माझ्या मनासाठी.”

जेवताना म्हातारे सासरे अंधाऱ्या पाण्याकडे हात करून सांगत होते, की आमचे जुने गाव तिकडे खाली आहे. उन्हाळ्यात पाणी फार उतरले तर वाड्याचे जोते वर येते, मग गावातली माणसे तिथे जाऊन आपापले उंबरे शोधतात. ते तक्रारीच्या सुरात बोलत नव्हते. दुसऱ्या गावी दिलेल्या नातेवाइकाची खुशाली सांगावी, तसे बोलत होते. त्या रात्री दार राखायला कुणी बसले नाही, पण मी तंबूची चेन ओढली तेव्हा पाहिले, की तिन्ही घरांच्या ओसरीवरचे दिवे माझ्या बाजूला वळवून ठेवलेले आहेत.

दिवस तिसरा : अकलूज, वेळापूर, पंढरपूर

अकलूजवरून वेळापूरला जायचे आणि अर्धनारीनटेश्वराचे यादवकालीन देऊळ पाहून दुपारपर्यंत पंढरपूर गाठायचे असा बेत होता. नकाशाने दाखवलेला जवळचा रस्ता मी धरला. उसाच्या फडांमधली ती गाडीवाट कालव्याच्या पाण्याने भिजली होती आणि काळ्या मातीने माझे मागचे चाक आसापर्यंत गिळले. नीरा उजव्या कालव्याने या भागाचे सोने केले असे शाळेत शिकलो होतो. ते सोने किती चिकट असते हे आता कळले.

जवळच ऊसतोड चालू होती. हाक मारायची वेळच आली नाही. चार कोयते, म्हणजे चार जोडपी, फडातून स्वतःहून बाहेर आली. त्यांनी चाकाखाली पाचट भरले, टायरगाडीची बैलजोडी सोडून आणली आणि सोल, म्हणजे जाड दोर, बांधून गाडी मागे ओढली. सगळे मिळून पाऊण तास गेला, आणि तो त्यांच्या तोडीचा पाऊण तास होता. उसाचे पैसे टनावर मिळतात, उचल मुकादमाकडून आधीच घेतलेली असते, त्यामुळे वाया गेलेला वेळ कुणाच्या खात्यात पडतो हे मला ठाऊक होते. मी पाचशेची नोट काढली. पुढे झालेल्या बाईने ती परत माझ्या पर्समध्ये खोचली आणि म्हणाली, “चहा घ्या आन जा.”

बीड जिल्ह्यातून आलेल्या या माणसांच्या कोप्या फडाच्या कडेला होत्या: बांबूचा सांगाडा, वर पाचट, त्यावर निळा कागद, उंची एवढीच की आत वाकूनच जायचे. गाडीच्या काचेतून माझा तंबू दिसत होता. त्या बाईने विचारले, ते काय आहे. मी सांगितले. ती म्हणाली, “म्हंजी कोपीच की. रोज दुसरीकडं लावायची?” मी हो म्हटले. “आन कुणी सांगितलं नाही तरी?” तिचा स्वर टोमण्याचा नव्हता, तिला खरोखर समजून घ्यायचे होते, पण चहाचा घोट माझ्या घशाशी अडकला. घर बंद करून, म्हाताऱ्या माणसांना मागे ठेवून, वर्षातले पाच-सहा महिने ती ज्या जगण्यात राहते त्याची चार रात्रींची हलकी नक्कल मी सुटीत, पैसे खर्चून करीत होते. कापडाचा तो गोळा मी परत कधी उघडूच नये असे वाटले. तिला मात्र मजा वाटली होती. तिने तंबू बाहेर काढायला लावला, पितळेच्या नळीचा जोड पाहून ‘हे काम चांगलं केलंय’ म्हणाली, आणि तिची धाकटी पोर त्यात शिरून तिथेच झोपली. तिला उठवायचे कुणाला सुचेना, म्हणून मी आणखी अर्धा तास थांबले. निघताना गाडीत उसाची एक मोळी होती. वेळापूरचे देऊळ मी घाईघाईत पाहिले आणि नीट पाहिले नाही, हे कबूल करते.

पंढरपुरात शिरताना माघ शुद्ध दशमीची गर्दी लागली. आषाढी, कार्तिकी, माघी आणि चैत्री या चार वाऱ्यांपैकी माघी आषाढीइतकी मोठी नसली, तरी चंद्रभागेपलीकडचे 65 एकराचे मैदान राहुट्यांनी भरले होते. मी बिचकतच एका दिंडीच्या कडेला गाडी उभी केली. एका वारकरी बाईने पायाने माती सारखी करून सांगितले, “इथं लाव माउली, उतार नाही.” बस, एवढेच. कोण, कुठली, कुणाची, एकटी का, यातले काहीही तिने किंवा दुसऱ्या कुणी विचारले नाही. तीन दिवसांत प्रथमच माझा तंबू हा बातमीचा विषय नव्हता; त्या शेकडो पालांमध्ये तो फक्त आकाराने हास्यास्पद होता, आणि दिंडीतली मुले त्याला भातुकलीचे घर म्हणत होती.

मी उसाची मोळी दिंडीच्या स्वयंपाकापाशी नेऊन दिली, तेव्हा भाकऱ्या थापणाऱ्या बायकांनी मला हातासरशी कणीक मळायला बसवले. झोप कशी ती लागली नाही. रात्री कीर्तन, त्यात शेजारच्या दोन वारकरी फडांचे कर्णे एकमेकांवर मात करीत होते, आणि पहाटे तीनला स्नानासाठी उठाउठ. या भक्तीला आवाजाची एवढी गरज का पडावी, असा विचार माझ्या मनात आला आणि मी तो तिथे कुणाला सांगितला नाही.

दिवस चौथा : मंगळवेढा, माचणूर

एकादशीची दर्शनरांग पाहून मी कळसाचे दर्शन घेतले आणि मंगळवेढ्याची वाट धरली. दोन्ही बाजूंना मालदांडी ज्वारी उभी होती. पावसाळ्यात मुरलेल्या ओलीवर, काळ्या भारी जमिनीत रब्बीला येणाऱ्या या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ज्या गावात दामाजीपंतांनी दुष्काळात बादशाही कोठारे उघडून उपाशी माणसांना धान्य वाटले आणि जिथे गावकुसाची भिंत बांधताना ती कोसळून 1338 मध्ये संत चोखोबा गेले, त्या गावात मी खायला नव्हे तर पेट्रोल भरायला थांबले होते. पण दामाजींच्या देवळातून बाहेर पडताना एका दुकानदाराने उपास आहे का एवढेच विचारून हातावर भगर आणि शेंगदाण्याच्या आमटीचा द्रोण ठेवला. तिथे वाटप चालूच होते. मी रांगेतही नव्हते.

माचणूरला भीमेच्या काठी सिद्धेश्वराचे देऊळ आणि पडका किल्ला आहे. 1695 पासून सुमारे चार वर्षे औरंगजेबाची छावणी याच परिसरात, ब्रह्मपुरीला, होती. त्याच्याही तंबूंना इथल्या वाऱ्याने त्रास दिला असणार. गुरवांच्या घरी विचारले, तर ते म्हणाले की नदीकाठी दव पडते, तंबू ओवरीत लावा. दगडी फरशीत खुंटी शिरत नाही म्हणून त्यांच्या मुलाने चार कोपऱ्यांना चार दगड आणून ठेवले. रात्री सगळे आपापल्या घरी गेले आणि पाण्यावर चांदणे उरले. मी ज्यासाठी निघाले होते तो एकांत हाच, असे म्हणत मी स्लीपिंग बॅगेत शिरले आणि तासभर कान देऊन पडले, कुणी खोकते का ते ऐकत.

दिवस पाचवा : हत्तरसंग कुडल आणि परत

कामती, मंद्रूप करीत भीमा आणि सीना यांच्या संगमावर, हत्तरसंग कुडलला आले. इथल्या संगमेश्वर मंदिराच्या तुळईवर शके 940, म्हणजे इसवी सन 1018 मधला मराठी शिलालेख आहे. सोलापूरचे संशोधक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. त्यातली एक ओळ मी पूर्वी छापील पाहिली होती: ‘वाछि तो विजेया होईवा’. जो हे वाचील तो विजयी होईल. दगडावरची अक्षरे प्रत्यक्ष शोधायला मला बराच वेळ लागला, आणि मान वर करून मी पुटपुटत असताना मागून कन्नडमध्ये प्रश्न आला, की वर काय शोधतेस, घरटे आहे का.

देवळाच्या पायरीवर एक आजी बसली होती. आमच्या घरात आजी-आई कन्नडच बोलत, त्यामुळे मला उत्तर देता आले, आणि ती एकदम सरसावून बसली. नदीपलीकडे तिचे माहेर, अलीकडे सासर. राज्ये दोन असली तरी तिच्या लेखी पाणी एकच होते. मी ती ओळ वाचून दाखवली आणि कन्नडमध्ये अर्थ सांगितला. आजीने थोडा विचार केला. “आणि ज्याला वाचता येत नाही त्याचं काय लिहिलंय?”

मी तुळईकडे पुन्हा पाहिले. तसे काही लिहिलेले नव्हते, असे सांगितले.

“मग लिहिणाऱ्याला घाई असेल,” ती म्हणाली, आणि पुढचा प्रश्न विचारला: “ऊटा आय्तेनु?” जेवण झाले का, याला खोटे उत्तर द्यायची सोय कन्नडमध्येही नाही. तिचे घर दोनशे पावलांवर होते. पाच दिवस पिशवीत राहिलेली माझी कडक भाकरी अखेर तिथे बाहेर निघाली. आजीने ती ताटात चुरली, वरून दाळीची आमटी ओतली आणि माझ्या शेंगाचटणीला तिखट कमी आहे असे सुनावले. ताट उचलून झाल्यावर, पायांत चपला सरकवत असताना, तिने मला विचारलेच, एकटीच आलीस का म्हणून. निघायला तीन वाजले, आणि विजापूर रस्त्याने सोलापुरात शिरेपर्यंत दिवे लागले होते.